कुत्रा आणला तर बाबा चालायला लागतील का?

रानजाई
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. नेहमी नुसती वाचत असते, पण आज खरंच सल्ला हवा आहे.

माझे बाबा ६७ वर्षांचे. मे महिन्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांच्या यादीखाली लाल पेनाने लिहून दिलं होतं, "रोज ४० मिनिटं चालणे". पहिले अकरा दिवस बाबा चालले. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होते म्हणून आकडा पक्का माहीत आहे. मग एक दिवस पाऊस आला, दुसऱ्या दिवशी चप्पल चावली, तिसऱ्या दिवशी "आज नको गं, उद्यापासून". आता श्रावण संपत आला तरी तो उद्या उगवलेला नाही. मागच्या तपासणीत वरचं बीपी १४८ होतं आणि वजन तीन किलोंनी वाढलेलं.

भावाचं म्हणणं, कुत्रा आणू. लहानपणी गावी बाबांचा मोती नावाचा कुत्रा होता. तो त्यांच्या मागे शाळेपर्यंत यायचा आणि शाळा सुटेपर्यंत पिंपळाखाली बसून राहायचा, ही गोष्ट आम्ही निदान शंभर वेळा ऐकली असेल. "कुत्र्यासाठी बाबा उठतील, आपल्यासाठी नाही," असं भावाला वाटतं. आई म्हणते, "आणा खुशाल. आणि त्याच रिक्षातून मला माहेरी सोडून या."

आम्ही ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे. मी आणि भाऊ दोघंही सकाळी आठला बाहेर पडतो.

माझा प्रश्न शरीरापुरताच आहे. जनावर पाळल्याने तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या तब्येतीत खरंच फरक पडला का? बीपी, साखर, वजन, गुडघे, दमा, काहीही. चांगला अनुभव सांगा तसा वाईटही सांगा.

खमंग_काकडी
आधी आईला विचारा. मग परत आईला विचारा. मग धागा काढा.

गोदाकाठ
रानजाई, तुमच्या बाबांच्या जागी मी स्वतःला बघितलं म्हणून सविस्तर लिहितो.

मी ५९, नाशिक. अकरा वर्षांपासून डायबेटिस. चालण्याचे माझे संकल्प गुढीपाडव्याला सुरू व्हायचे आणि हनुमान जयंतीपर्यंत आटपायचे. तीन वर्षांपूर्वी मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिचा लाडू आमच्याकडे राहिला. लाडू म्हणजे रस्त्यावरून आणलेला गावठी कुत्रा, तांबूस, एक कान मोडलेला.

आता रोज काय होतं ते सांगतो. पहाटे पावणेसहाला तो माझ्या खाटेशी येतो. भुंकत नाही. हनुवटी गादीच्या कडेला टेकवतो आणि बघत राहतो. त्याचा गरम श्वास हातावर येतो. तरी मी उठलो नाही, तर जाऊन माझ्या डाव्या चपलेवर बसतो. उजव्या नाही, डाव्याच. अलार्म बंद करता येतो हो, पण कुणी आपल्यासाठी पोट आवरून थांबलंय हे कळल्यावर पांघरूण ओढून घेता येत नाही.

सकाळी ३५ मिनिटं, रात्री २०. चौदा महिन्यांत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ८.४ वरून ७.१ वर आली. मधल्या काळात एक गोळी बदलली आणि रात्रीचा भात सोडला, तेव्हा सगळं श्रेय लाडूला देणं बरोबर नाही. पण ती गोळी आणि तो भात यांच्या आधीची दहा वर्षं मी नेमाने कधीच चाललो नव्हतो, हेही तितकंच खरं.

पिवळी_अबोली
डाव्या चपलेवर बसतो! बास, माझा आजचा दिवस गोड झाला. लाडूचा मोडका कान माझ्यातर्फे कुरवाळा.

टीपकागद
गोदाकाठ, प्रतिसाद फार आवडला. विशेषतः गोळी आणि भाताचा उल्लेख तुम्ही प्रामाणिकपणे केलात तो. कारण या विषयात नेमकी हीच गफलत होते. थोडं अभ्यासाच्या बाजूने लिहितो, लांब होईल.

हा सगळा बोलबाला सुरू झाला १९८० साली. अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराने दवाखान्यात राहून घरी गेलेल्या ९२ रुग्णांकडे वर्षभर लक्ष ठेवलं. पाळीव प्राणी असलेले ५३ होते, त्यांपैकी वर्षात ३ दगावले. प्राणी नसलेले ३९ होते, त्यांतले ११ गेले. फरक डोळ्यांत भरणारा होता, पण माणसं किती? ब्याण्णव. आपल्याकडे लग्नाच्या एका पंगतीला याहून जास्त बसतात.

त्यानंतरचं मोठं काम स्वीडनचं, २०१७ मध्ये आलेलं. तिथे २००१ पासून प्रत्येक कुत्र्याची सरकारदरबारी नोंद सक्तीची आहे. त्यामुळे त्यांना ४० ते ८० वयाच्या ३४ लाख लोकांची माहिती बारा वर्षं तपासता आली. एकट्या राहणाऱ्यांमध्ये ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांचा मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. घरात इतर माणसं असतील तर हा फरक बराच कमी होता. शिकारी जातीचे कुत्रे पाळणाऱ्यांत फायदा जास्त दिसला, आणि त्या कुत्र्यांना फिरवावंही जास्त लागतं.

पण यावरून कुत्र्याने माणूस तगवला असं ठरत नाही. ज्याच्या पायांत जोर आहे तोच कुत्रा आणतो, असंही असू शकतं. २०१७ मध्येच कॅलिफोर्नियातल्या पाच हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली गेली. वरवर पाहता प्राणी असलेल्या घरातली मुलं जास्त धडधाकट दिसली. मग आईवडिलांचं उत्पन्न, घर स्वतःचं की भाड्याचं वगैरे हिशेबात धरलं, आणि तो फरक जवळजवळ पुसला गेला.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये या सगळ्यावर निवेदन काढलं होतं. कुत्रा पाळणं आणि हृदयविकाराचा कमी धोका यांचा संबंध असण्याची शक्यता त्यांनी मान्य केली. पण केवळ हृदय सुधारावं एवढ्यासाठी प्राणी आणू नका, असंही त्याच निवेदनात होतं. मला ते फार पटतं. बाबांना कुत्रा हवा असेल तर आणा. कुत्र्याला गोळीसारखं आणू नका, ती गोळी बारा-चौदा वर्षं जगते.

सह्यकडा
टीपकागद, पंगतीचं उदाहरण मस्त. पण एक मांडतो. ब्रिटनमध्ये लिव्हरपूल विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यास आहे. आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाची जी शिफारस असते, ती पाळण्याची शक्यता कुत्रेवाल्यांत सुमारे चौपट दिसली. आणि कुत्र्याला फिरवतात म्हणून त्यांनी बाकीचा व्यायाम सोडलेला नव्हता. म्हणजे कुत्र्याबरोबरचं चालणं वरकड होतं. कारण कुठलंही असो, पाय हलले की हृदयाला पोचतंच ना?

टीपकागद
सह्यकडा, पाय हलले तर हो. ब्रिटनमध्ये फूटपाथ आहेत, एवढीच भर घालतो.

चंदनवेल
फूटपाथवरून आठवलं म्हणून लिहिते. वाईट अनुभवही मागितला आहे, तर हा घ्या.

माझी आई, ७१. आमच्याकडे लॅब्रॅडॉर होता, ३२ किलो वजनाचा. स्वभावाने लोणी. आई त्याला संध्याकाळी सोसायटीच्या आवारात फिरवायची आणि पट्टा सुटू नये म्हणून मनगटाला दोन वेढे देऊन धरायची. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. कुत्रा जिवाच्या आकांताने पळाला आणि आई त्याच्या मागे ओढली गेली, ती थेट पार्किंगच्या उतारावर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, प्लेट, तीन महिने वॉकर. आई परत चालली, पण पूर्वीसारखी नाही.

नंतर वाचलं की अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांची कुत्रा फिरवताना झालेली हाडमोड मोजली गेली आहे. २००४ मध्ये दवाखान्यात आलेल्या अशा केसेस अंदाजे १,६७१ होत्या, २०१७ मध्ये ४,३९६ झाल्या. चारांतल्या तीनहून जास्त बायका. खुब्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल मनगट.

कुत्र्याचा दोष नव्हता, आईचाही नव्हता. पण आम्हाला कुणी साधं एवढंही सांगितलं नव्हतं की पट्टा मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही. तळहातात धरायचा, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो. सुटलेला कुत्रा शोधता येतो हो.

आणि रानजाई, तुमच्या बाबांचं वजन किती, कुत्र्याचं किती, हे आधी बघा.

पिवळी_अबोली
बाप रे. आई आता कशा आहेत?

चंदनवेल
बऱ्या आहेत गं. कुत्रा मागच्या वर्षी गेला. त्याचा पट्टा आईने देवघराच्या खुंटीला लावून ठेवलाय, कुणाला काढू देत नाही.

स्टेथोस्कोप
मी डॉक्टर आहे, जनरल प्रॅक्टिस, सांगली जिल्ह्यात. चंदनवेल यांच्या सूचनेखाली माझी सही समजा. रानजाईताई, तुमच्या बाबांच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या नीट वाचा.

स्टेंट टाकल्यावर बहुतेक रुग्णांना सहा महिने ते वर्षभर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. वयामुळे हाताची कातडीही पातळ झालेली असते. पिल्लाचे दात सुईसारखे असतात आणि त्याचा खेळच चावण्याचा असतो. तुम्हाला जिथे नुसती लाल रेघ उठेल, तिथे बाबांना दहा मिनिटं रक्त वाहील आणि हात काळानिळा होईल. घाबरण्यासारखं नाही, पण रोज रोज नको. पडले तर डोक्याच्या माराला या गोळ्यांमुळे जास्त जपावं लागतं.

दुसरं कुणी सांगतच नाही. पिल्लू आणलं तर ते साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत त्याला रस्त्यावर फिरवताच येत नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांवरच्या लसींचा कोर्स पुरा व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. म्हणजे ज्या चालण्यासाठी आणायचं, ते चालणं सुरू होणार दिवाळी उलटून गेल्यावर. तोवर बाबा फरशीवरची शू पुसायला वाकणार, किंवा तुमची आई.

तिसरं, आणायचाच तर तीन-चार वर्षांचा, शांत झालेला, लसी पूर्ण असलेला, दहा-बारा किलोंच्या आतला कुत्रा बघा. आणि बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

खमंग_काकडी
डॉक्टर, हेच मी एका ओळीत म्हटलं होतं. आईला विचारा.

म्हसोबाचा_माळ
पाळीव म्हटलं की इथे सगळ्यांना कुत्रा नि मांजरच दिसतंय. आमच्याकडं चार म्हशी, दोन गाया, सात शेळ्या आहेत. आमची तब्येत कुणी मोजायची?

माझ्या थोरल्या चुलत्याला दोन वर्षांमागं ताप सुटला. दुपारनंतर चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा. कंबर धरली, सांधे धरले, वजन आठ किलोंनी घटलं. टायफॉइडची औषधं झाली, मलेरियाची झाली, तालुक्याला एका ठिकाणी टीबीची सुरू करायच्या बेतात होते. अडीच महिन्यांनी एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "गोठ्यात कुठली गाय गाभडली होती का?" गाभडली होती. सातव्या महिन्यातच गर्भ पडला होता. जार (वार) अडकला होता आणि काकांनी उघड्या हातानं ओढून काढला होता. बोटाला खुरप्याची जखम होती. रक्त तपासलं तर ब्रुसेल्ला निघाला, जनावराकडून माणसाला होणारा रोग. सहा आठवडे दोन गोळ्या घेतल्या नि माणूस उठून उभा राहिला.

तो एक प्रश्न सगळ्यांत आधी का नाही कुणी विचारला, याचा मला अजून राग येतो. गावाकडच्या तापाच्या माणसाला गोठ्याचं विचारलंच पाहिजे.

कालवडींना चौथ्या ते आठव्या महिन्यात या रोगाची लस देतात, आयुष्यात एकदाच. सरकारी दवाखान्यामार्फत मिळते. आणि जार काढायचा तर हातमोजा घालून, जनावरांच्या डॉक्टरकडूनच. धारोष्ण दूध पिणं आमच्या घरात तेव्हापासून बंद आहे. आजीला पटत नाही, पण उकळूनच देतो.

स्टेथोस्कोप
म्हसोबाचा_माळ, हा प्रतिसाद प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात भिंतीवर लावायला हवा. तुमच्या काकांना नमस्कार सांगा.

मनीची_माऊ
मांजरवाल्यांतर्फे मी. मांजर फिरायला नेत नाही हे मान्य. पण मी सात महिन्यांची गरोदर असताना मला घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने सांगितलं की मांजर काढून टाक, बाळ आंधळं होईल. आमची चिंगी तेव्हा सहा वर्षांची होती. मी आठवडाभर रडले आणि मग माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. मांजराकडून येणारा टोक्सोप्लाझ्मा हा जंतू खरा आहे, बाळाला त्रास होऊ शकतो, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. पण मांजराच्या शीमधून बाहेर पडलेली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मातीचा डबा रोज साफ करायचा आणि तो नवऱ्याने करायचा. चिंगीला कच्चं मांस द्यायचं नाही. मी स्वतः कच्चट मटण खायचं नाही, भाज्या धुऊन घ्यायच्या, कुंडीतली माती उकरताना मोजे घालायचे. नवऱ्याने बाळ होईपर्यंत डबा साफ केला आणि पुढेही त्याच्याकडेच ठेवला.

लेक आता चार वर्षांची आहे. चिंगी तिच्या उशाशी झोपते.

खडीसाखर
मनीची_माऊ, तुमचं छान झालं, पण आमच्याकडे मांजर द्यावंच लागलं. मुलाला दमा. मांजर आल्यापासून इन्हेलर आठवड्याला एकदावरून रोज दोनदावर गेला. आम्ही केस झाडले, मांजराला अंघोळ घातली, पडदे काढले. नंतर कळलं की केसांचा दोष नव्हताच. मांजराच्या थुंकीत एक प्रथिन असतं, ती अंग चाटते तेव्हा ते केसांवर वाळतं आणि बारीक धूळ होऊन घरभर तरंगत राहतं. मांजर दिल्यावरही मुलाला मोकळा श्वास यायला काही महिने लागले. गादी आणि सोफा बदलल्यावर खरा फरक पडला.

ज्या मैत्रिणीकडे मांजर दिलं तिच्या दारातून मुलगा अजून हात करतो. आत जात नाही. आई म्हणून ते बघवत नाही.

कबुतरखाना_विरोधी
दम्याचा विषय निघालाय म्हणून. पाळीव नाही, पण लोक पाळल्यासारखे जपतात ती कबुतरं. माझ्या सासूबाईंनी दादरच्या घरी बारा वर्षं गॅलरीत ज्वारी टाकली. मग कोरडा खोकला, मग जिना चढताना धाप. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसं आकसलेली दिसली. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते आणि ती वर्षानुवर्षं राहिली तर व्रण पडून फुप्फुस कडक होतं. घरात आता ऑक्सिजनचं मशीन आहे. कृपा करून गॅलरीत दाणे टाकू नका.

टीपकागद
याला दुजोरा. फुप्फुस आकसण्याच्या आजारांची भारतातली एक मोठी नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना याच जातीची, म्हणजे श्वासावाटे गेलेल्या धुळीने येणारी सूज होती. कबुतरं हे एक कारण, ओलसर एअर कूलर हे दुसरं.

भर_दुपारी
कबुतरांना दाणे नाहीत, कुत्र्यांना पोळी नाही, मग भूतदया कुठे ठेवायची? संत नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. आपल्याकडे ही गोष्ट मुलांना सांगतात आणि मोठं झाल्यावर दगड मारायला शिकवतात.

स्टेथोस्कोप
भर_दुपारी, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे. मीही आमच्या गल्लीतल्या दोघांना रोज भाकरी घालतो. पण त्या दोघांची नसबंदी मी करून घेतली आहे आणि दर वर्षी रेबीजची लस देतो. आजची तुपाची वाटी म्हणजे ती लस, असं मी मानतो.

आणि विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो, वाचून पुढे जाऊ नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. देशात आजही दर वर्षी हजारो लोक यानेच जातात, अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीत हा आकडा वर्षाला सुमारे ५,७०० निघाला. कुत्रं चावलं, ओरबाडलं, उघड्या जखमेला चाटलं, तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही. त्याच दिवशी लस. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हेही लागतं, ते मागून घ्या. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, स्नायूत देत असतील तर चौदाव्यालाही. पिल्लू होतं, घरचं होतं, नुसता ओरखडा होता, म्हणून थांबू नका. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडात देतात. त्या जुन्या भीतीने लोक अजून लपवतात, विशेषतः मुलं. मुलांना सांगून ठेवा, की कुत्रं चावलं तर घरी कुणी रागावणार नाही.

गोदाकाठ
शेवटचं वाक्य अगदी बरोबर. माझ्या पुतण्याने दोन दिवस पँटखाली जखम लपवली होती, कारण तो क्लास बुडवून गेला होता. सुदैवाने वेळेत कळलं.

राइनकाठी
जर्मनीतून लिहितोय. इथे कुत्र्यावर महापालिका वर्षाला कर घेते, घरमालकाची परवानगी लागते, आणि तरी शेजारच्या ८२ वर्षांच्या आजी रोज दोनदा बाहेर पडतात. बर्फातसुद्धा. मला इथे येऊन पाच वर्षं झाली. पहिली दोन वर्षं शेजारी कुणी नावाने ओळखत नव्हतं. आईवडील तिकडे, मी इकडे, बीपीची गोळी पस्तिशीत सुरू झाली. मग त्या आजींचा पाय मुरगळला आणि मी त्यांचा कुत्रा फिरवायला लागलो. आता अर्धा मोहल्ला हाक मारतो. गोळी अजून चालू आहे, पण डोस निम्मा झाला. डॉक्टर म्हणाले चालण्याने, मला वाटतं हाका मारण्याने.

टीपकागद यांनी दिलेल्या स्वीडनच्या आकड्यात एकट्या माणसांचा फायदा जास्त निघाला, त्याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

उंबरठा
मी इतका वेळ सगळं वाचत होते. एक गोष्ट कुणीच मोजत नाहीये. आमच्या घरातला कुत्रा सासऱ्यांचा, फोटो सासऱ्यांचे, चालणं सासऱ्यांचं, बीपी सासऱ्यांचं उतरलं. त्याचं चिकन शिजवणं, केस झाडणं, गोचीड काढणं, पावसात त्याचे पाय पुसणं, सासरे गावी गेले की सकाळ-संध्याकाळ खाली नेणं हे माझं. माझी कंबर गेली. ऑर्थोपेडिककडे मी गेले, ते नाही.

कुत्र्यावर माझा जीव आहे. तो माझ्याच पायाशी झोपतो. पण "घरात प्राणी असला की तब्येत सुधारते" असं म्हणताना कुणाची सुधारते आणि कुणाच्या कमरेवर, एवढं तरी विचारा. रानजाई, तुमच्या आईने माहेरी जायची भाषा चेष्टेत केलेली नाही.

पिवळी_अबोली
उंबरठाताई, +१००.

खमंग_काकडी
उंबरठाताई, माझी एक ओळ तुम्ही पूर्ण केलीत.

नीलमासा
आमच्याकडे फिशटँक आहे. फिरवावं लागत नाही, भुंकत नाही, आईला माहेरी पाठवत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या मत्स्यालयात लोकांना टाकीसमोर बसवून मोजलं होतं. मासे बघताना हृदयाचे ठोके आणि बीपी उतरतात, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालंय.

गोदाकाठ
नीलमासा, पण बाबा सोफ्यावरच राहतील ना! सोफ्यावर बसायला आणखी एक कारण मिळेल.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. डॉक्टर आणि उंबरठाताईंचे प्रतिसाद मी आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवले. उंबरठाताईंचा वाचून झाल्यावर आई काही बोलली नाही, उठून आत गेली. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "त्या बाईला विचार, कंबर आता कशी आहे."

घरी पिल्लू आणायचं नाही, हे ठरलं. पण एक झालं. पहिल्या मजल्यावरच्या काकू दहा दिवसांसाठी साताऱ्याला लग्नाला जाणार आहेत. त्यांची कुत्री राणी पाच वर्षांची आहे, नऊ किलोंची, लसींचं पुस्तक अद्ययावत. काकूंनीच विचारलं, ठेवाल का? बाबा पेपरमागून म्हणाले, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे पुष्कळ झालं.

उंबरठा
आईंना सांगा, कंबर बरी आहे. सासरे आता पाय पुसायला शिकलेत.

स्टेथोस्कोप
छान. दहा दिवसांची परीक्षा कुठल्याही सल्ल्यापेक्षा बरी. पट्टा तळहातात, पायात मागून पट्टी असलेले बूट, खिशात मोबाइल आणि गोळ्यांची यादी. पहिले दोन दिवस तुम्ही किंवा भाऊ सोबत जा. छातीत दडपण किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबायचं आणि लगेच कळवायचं, कुत्री ओढत असली तरी.

टीपकागद
आणि फुल्या मारा. ब्याण्णवांत एकाची भर.

रानजाई
तीन आठवड्यांनी येतेय. सांगायचं राहून गेलं होतं.

राणी दहा दिवस राहिली. बाबा दहाही दिवस गेले, दोन दिवस पावसात छत्री घेऊन. पहिल्या दिवशी १२ मिनिटं, शेवटच्या दिवशी ३८. काकू परत आल्या आणि राणी खाली गेली. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला बाबा बूट घालून खाली काकूंच्या दारात उभे. काकूंचा गुडघा दुखतो, सकाळचं फिरवणं त्यांना जडच जायचं. तेव्हापासून सकाळची राणी बाबांची, बाकीची काकूंची. आईला फरशी पुसावी लागत नाही, तिची काही तक्रार नाही. कालच्या तपासणीत वरचं बीपी १३६. डॉक्टरांनी गोळीही थोडी वाढवली होती, हे गोदाकाठकाकांसारखंच मीही सांगून टाकते.

चंदनवेलताई, पट्टा तळहातात. मी रोज बघते.

चंदनवेल
वाचून इतकं बरं वाटलं. आईला सांगते. जाता जाता, राणीची शी उचलतात ना बाबा? आमच्या आवारात त्यावरूनच भांडणं व्हायची.

रानजाई
हो ताई, उचलतात. रात्री जेवण झाल्यावर गोळ्यांचा डबा काढतात, उद्याच्या गोळ्या लावतात, आणि मग जुन्या पेपरचे चौकोन कापून बुटांत खोचून ठेवतात. दोन चौकोन. एक जास्तीचा, लागला तर.